नायट्रेट : पेयजलातील शोध व निर्मूलन

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुका दख्खनच्या बेसाल्टवर वसला आहे. शेतातल्या खताचे, उकिरड्याचे नायट्रेट खडकाच्या भेगांतून विहिरीत उतरू शकते. त्याला रंग-वास नाही. पाणी उकळले तर त्याचे प्रमाण उलट वाढते. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याहून बरेच अधिक असल्यास, अशा पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधाने तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती घटते आणि अंग निळसर पडते.

शोधासाठी नॅनोकण वापरता येतात: तांब्याचे नॅनोकण लावलेल्या विद्युत अग्रावर नायट्रेटचे क्षपण होते. त्या वेळच्या प्रवाहावरून प्रमाण कळते. निर्मूलनास लोहाचे नॅनोकण प्रभावी आहेत, पण मागे बहुतांशी अमोनिया उरतो, हा गंभीर दोष. पॅलेडियम-तांबे उत्प्रेरकाने निरुपद्रवी नायट्रोजन अधिक मिळतो, पण हा उत्प्रेरक महाग. गावासाठी आज आरओ किंवा आयन-विनिमयच व्यवहार्य. त्यांचे सांडपाणी विहिरीपासून दूर सोडावे लागते.