चुकलेली हजेरी आणि राज्यघटना

सोलापूरच्या वसाहतींत तारेच्या कुंपणाआड राहणाऱ्या कैकाडी, पारधी, भामटा इत्यादि जमातींच्या माणसांना नेमल्या वेळीं हजेरी द्यावी लागे. नांव पुकारलें असतां माणूस जागेवर नसला, अथवा परवान्यावांचून हद्दीबाहेर गेला, तर एवढ्यावरूनच त्याची तुरुंगांत रवानगी होऊं शके. त्यानें चोरी केली होती कीं नाहीं, हा प्रश्नच उद्भवत नसे.

या व्यवस्थेचा पाया १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्यानें घातला. आरंभीं तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ सालीं त्याची व्याप्ति मुंबई इलाख्यापर्यंत वाढली आणि १९२४ सालीं त्याचें एकत्रीकरण झालें. अपराध शाबीत झालेल्या माणसास अटींवर मोकळें सोडतात, तेव्हां त्या अटींमागें निदान एक गुन्हा आणि एक निवाडा असतो. येथें मात्र जन्म हाच गुन्हा, आणि सरकारी जाहीरनामा हाच निवाडा! शिवाय त्या जाहीरनाम्याच्या वैधतेची चौकशी कोणत्याही न्यायालयानें करूं नये, असें कलमही कायद्यांत घालून ठेविलें होतें. आरोपीस ‘मी हजर होतों’ असें सांगतां येई. ‘मला हजेरी कां?’ असें विचारतां येत नसे.

२६ जानेवारी १९५० रोजीं हा प्रश्न विचारण्याचा मार्ग मोकळा झाला. मूलभूत हक्कांशीं विसंगत असलेले जुने कायदे घटनेच्या १३ व्या कलमानें त्या विसंगतीपुरते शून्य ठरविले. १४ व्या कलमानें समानता दिली, १९ व्यानें देशभर संचाराचा हक्क दिला, आणि ३२ व्यानें थेट सर्वोच्च न्यायालयाचें दार उघडलें. मुंबई प्रांतानें हा कायदा १९४९ सालींच रद्द केला होता. अनंतशयनम् अय्यंगार यांच्या समितीनेंही तो घटनेच्या भावनेशीं विसंगत असल्याचें सांगितलें, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो देशभर संपुष्टांत आला. या जमाती तेव्हांपासून ‘विमुक्त’ म्हणविल्या जातात.

तथापि कायदा गेला, म्हणून संशय गेला नाहीं. त्याच्या जागीं सराईत गुन्हेगारांविषयींचे कायदे आले. ते जमातीऐवजीं व्यक्तीकडे पाहणारे खरे. परंतु तुरुंगांच्या नियमावल्यांत जुनी दृष्टि टिकून राहिली. विमुक्त जमातींना जन्मतःच गुन्हेगार मानणाऱ्या अशा तरतुदी सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें घटनाबाह्य ठरविल्या.

अट मोडली म्हणून एखाद्यास बंदींत टाकण्यापूर्वीं, ती अट मुळांत कोणत्या अपराधासाठीं घातली, याचा जाब सरकारनें दिला पाहिजे. तो मागण्याचा अधिकार सोलापूरच्या कुंपणाआड नव्हता. घटनेनें तो प्रत्येक नागरिकास दिला आहे.