रुग्णशय्या आणि तिच्या उशाशीं बसलेलीं माणसें

महोत्सवाच्या पुस्तकांत देवळाच्या भिंती, घंटा व वेदी यांचा इतिहास येतो, आणि तो येणें योग्यच आहे. परंतु धर्मग्रामाचा दुसराही एक इतिहास असतो. तो घराघरांतील खाटांपाशीं घडतो आणि मृतांच्या नोंदवहींत त्याची केवळ तारीख उरते. देहाची शुश्रूषा चालू असतां रोग्याच्या मनाचें काय झालें, आणि त्याच्या उशाशीं बसलेल्या माणसांचें काय झालें, हें त्या वहींत कोणी लिहीत नाहीं. या दोन प्रश्नांचा विचार ख्रिस्ती लोकांत कसकसा होत गेला, त्याचा थोडका वृत्तान्त आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

चवथ्या शतकाच्या अखेरीस रोम शहरीं फाबिओला नांवाच्या कुलीन स्त्रीनें आपली मालमत्ता विकून रुग्णालय उभारिलें. ती रोग्यांस स्वतःच्या खांद्यांवरून आणीत असे, आणि ज्या जखमांकडे इतरांस पाहवत नसे त्या आपल्या हातांनीं धूत असे, असें संत जेरोम यांनीं तिच्या मरणानंतरच्या पत्रांत लिहून ठेविलें आहे. पुढें मध्ययुगांत यात्रेकरूंसाठीं व आजाऱ्यांसाठीं जीं आश्रयस्थानें झालीं, त्यांचें नांव लॅटिन भाषेंतील ‘हॉस्पेस’ या शब्दापासून आलेलें आहे. त्या एकाच शब्दाचे यजमान व पाहुणा असे दोन्ही अर्थ होतात. आजारी मनुष्य हा दारीं आलेला पाहुणा होय, ही भावना त्या नांवांतच आहे.

संत कामिल्लुस दे लेल्लिस (१५५०–१६१४) हे तरुणपणीं शिपाई व जुगारी होते. पायाची जखम भरून येईना, म्हणून ते रोम येथील सान जाकोमो रुग्णालयांत रोगी म्हणून आले आणि पुढें तेथेंच सेवक झाले. रोग्याचें दुःख त्यांनीं प्रथम खाटेवर पडून जाणिलें होतें. त्यांच्या संघास १५८६ सालीं पोप सिक्स्तुस पांचवे यांची मान्यता मिळाली. आई आपल्या एकुलत्या एका आजारी लेकराची करिते तशी रोग्याची सेवा करावी, असा त्यांच्या नियमाचा आशय आहे. मरणाऱ्याजवळ अखेरपर्यंत बसणें हें त्या संघाचें विशेष काम झालें. १९३० सालीं पोप पीयूस अकरावे यांनीं त्यांस संत जॉन ऑफ गॉड यांच्यासह परिचारकांचे आश्रयदाते ठरविलें. संत व्हिन्सेंट दि पॉल व संत लुईझ दि मारियाक यांनीं १६३३ सालीं पॅरिस येथें स्थापिलेल्या धर्मभगिनी तर मठांत न राहतां गरिबांच्या घरीं जाऊं लागल्या. रोग्याच्या घरीं जाणें म्हणजे त्याच्या घरच्यांचीं तोंडें पाहणें. रुग्णालयांत तीं सहज दृष्टीआड होतात.

एकोणिसाव्या शतकांत असाध्य रोग्यांचा प्रश्न पुढें आला. फ्रान्सांतील लियों शहरीं झान गार्निए या तरुण विधवेनें, पति व मुलें गमावल्यावर, १८४२ सालीं इतर विधवांस एकत्र करून अशा स्त्रियांची शुश्रूषा आरंभिली. स्वतः शोक भोगलेल्या बायकांनीं शोकग्रस्तांजवळ बसावें, हें येथें लक्षांत घेण्याजोगें आहे. आयर्लंडांत मदर मेरी एकेनहेड यांच्या धर्मभगिनींनीं १८७९ सालीं डब्लिन येथें, ज्या घरीं त्यांच्या संस्थापिकेनें अखेरचीं वर्षें आजारांत काढिलीं तेथेंच, मरणासन्नांसाठीं आश्रम उघडिला. त्याच धर्मभगिनींनीं १९०५ सालीं लंडनच्या हॅकनी भागांत सेंट जोसेफचा आश्रम सुरू केला.

या सेंट जोसेफमध्यें १९५८ सालीं सिसिली सॉण्डर्स (१९१८–२००५) या बाई डॉक्टर म्हणून आल्या. त्या कॅथलिक नव्हत्या, आंग्लिकन होत्या. प्रथम त्या परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळें तें काम सुटलें, तेव्हां रोग्यांच्या घरगुती अडचणींत साह्य करण्याचें काम त्यांनीं पत्करिलें. त्या कामांत १९४८ सालीं त्यांची गांठ डेव्हिड तस्मा या वॉर्साहून आलेल्या यहुदी निर्वासिताशीं पडली. तो ४० वर्षांचा, कर्करोगानें मरणास टेकलेला व एकाकी होता. बाई त्याच्याजवळ बसून बोलत असत. मरतांना त्यानें त्यांच्या संकल्पित घराला एक खिडकी म्हणून ५०० पौंड ठेविले. त्या खिडकीभोंवतीं घर उभें राहण्यास १९ वर्षें लागलीं, असें बाई म्हणत; कारण लंडन येथील सेंट ख्रिस्तोफर आश्रम १९६७ सालीं उघडला.

सॉण्डर्स बाईंनीं दोन गोष्टी शिकविल्या. पहिली अशी कीं, वेदना उसळण्याची वाट न पाहतां ठरलेल्या वेळीं मॉर्फिन द्यावें. म्हणजे वेदनेचें भय जातें व रोग्याचें मन मोकळें होतें. दुसरी गोष्ट त्यांस एका रोगी बाईनें शिकविली. दुखणें कोठें आहे असें विचारितां ती म्हणाली कीं, आरंभ पाठींत झाला, पण आतां आपलें सर्वच बिघडलें आहे असें वाटतें. नवरा व मुलगा चांगले आहेत, परंतु आपल्यापायीं त्यांचा रोजगार बुडेल. देह, मन, संसार व आत्मा यांचें हें एकत्र दुखणें सॉण्डर्स बाईंनीं १९६४ सालीं ‘समग्र वेदना’ या अर्थाच्या नांवानें वैद्यांपुढें मांडिलें. त्यांच्या आश्रमांत सोमवारीं भेटीस येण्याची मनाई असे, ती नातलगांस अपराधी न वाटतां विसावा मिळावा म्हणून. १९६९ पासून तेथील परिचारिका घरोघरीं जाऊं लागल्या, आणि कॉलिन मरे पार्क्स या मनोवैद्यांनीं मृत्यूनंतर मागें राहिलेल्यांची विचारपूस करण्याची व्यवस्था लाविली.

आपल्या देशांत शांति आवेदना हा अशा प्रकारचा पहिला आश्रम १९८६ सालीं मुंबईंत वांद्रें येथें कर्करोगाचे शस्त्रवैद्य डॉ. लुईस जोजे डिसोजा यांनीं स्थापिला. पुढें गोवा व दिल्ली येथें त्याच्या शाखा झाल्या. १९९३ सालीं कालिकत येथें डॉ. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांनीं काम आरंभिलें, आणि तेथें शेजारपाजारचींच माणसें शिकून तयार होऊन घरोघरीं जाऊं लागलीं. परंतु आपला देश अफूची कायदेशीर लागवड करणारा असूनही १९८५ च्या कायद्यामुळें मॉर्फिन रोग्यांस दुर्मिळ झालें. ती अडचण २०१४ च्या दुरुस्तीनें कांहींशी हलकी झाली.

आतां आपल्याकडे वळूं. पोप पॉल सहावे यांनीं १९७२ सालीं आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा विधि नव्यानें घालून दिला व तो केवळ मरणाच्या उंबरठ्यावरचा नव्हे हें स्पष्ट केलें. तरीही धर्मगुरु तेल घेऊन आले म्हणजे आतां संपलें, या भयानें आजही बोलावणें उशिरा येतें. “फादर, त्यांना कांहीं कळूं देऊं नका,” असें दाराशींच कुजबुजून सांगण्यांत येतें. आंत रोग्यास सर्व कळलेलें असतें; तोही घरच्यांसाठीं गप्प असतो. रोग्यास काय सांगावें यापेक्षां त्यास काय बोलूं द्यावें हा खरा प्रश्न होय, असें सॉण्डर्स बाईंचें म्हणणें होतें.

दोष केवळ घरच्यांचा नाहीं. आमच्या आरंभींच्या वर्षांत आम्ही एका आजाऱ्यास तैलाभ्यंग देऊन घाईनें निघालों. त्याची पत्नी ओटीवर दिवा धरून उभी होती. आम्हीं तिला आशीर्वाद दिला. विचारिलें कांहींच नाहीं. नवरा गेल्यावर कित्येक महिन्यांनीं ती म्हणाली, “फादर, तीन आठवडे मला झोंप नव्हती. जेवलीस का, म्हणून कोणी विचारलें नाहीं.” तिनें ‘कोणी’ म्हटलें, त्यांत आम्ही होतों. त्या दिवसापासून रोग्याची खाट सोडून निघतांना ओटीवर थांबण्याची संवय आम्हीं स्वतःस लाविली आहे.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं आमची विनंती मोठी नाहीं. आजाऱ्याच्या घरीं फळें घेऊन जातां, तसे दोन तास रिकामेही घेऊन जा. त्याच्या खाटेशीं तुम्ही बसा आणि रोज बसणाऱ्या माणसास निजावयास पाठवा. महिन्याचा मिस्सा झाल्यावर त्या घराची वाट विसरूं नका. प्रभु आपल्या आजाऱ्यांस व त्यांच्या उशाशीं जागणाऱ्यांस शांति देवो.