ट्रोपोनिन चाचणी: पहिला रिपोर्ट नॉर्मल, मग पुन्हा रक्त कशाला?

छातीत दुखतंय म्हणून अब्बांना किंवा अम्मीला दवाखान्यात नेलं की ईसीजीसोबत रक्ताची ट्रोपोनिन चाचणी होते. रिपोर्ट नॉर्मल येतो, तरी थोड्या वेळाने पुन्हा रक्त घेतात. घरच्यांना वाटतं, बिल वाढवायला चाललंय. म्हणून या दुसऱ्या चाचणीचं कारण आपण समजून घेऊ.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं, पण हळूहळू. जुन्या चाचणीला ते बरंच साचल्यावरच दिसायचं, म्हणून रुग्णाला सहा-नऊ तास थांबवून पुन्हा तपासावं लागे.

संवेदनशीलता कशी वाढली?

चाचणीत दोन प्रतिपिंडं असतात. एक ट्रोपोनिनला पकडतं, दुसऱ्यावर प्रकाश देणारी खूण असते. पकड घट्ट केली, खूण जास्त उजळ केली, नको असलेला प्रकाश कमी केला, तसं अगदी थोडं ट्रोपोनिनही मोजता येऊ लागलं. 'हाय-सेन्सिटिव्हिटी' चाचणी निम्म्याहून अधिक निरोगी माणसांतही ट्रोपोनिन मोजू शकते. त्यामुळे दुसरं रक्त आता एक ते तीन तासांतच घेतात.

दोन आकडे का?

किडनीचा जुना आजार किंवा हार्ट फेल्युअर असेल तरी ट्रोपोनिन वाढलेलं असू शकतं. आकडा तिथेच राहिला तर कारण बहुधा जुनं. झपाट्याने बदलला तर इजा ताजी. दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर पहिला आकडा कमीच येऊ शकतो.

रिपोर्ट वाचताना

- एकक पाहा. लिटरमागे 14 नॅनोग्रॅम म्हणजेच मिलिलिटरमागे 0.014.
- 'टी' आणि 'आय' या वेगळ्या चाचण्या आहेत. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.
- महिलांची मर्यादा कमी असू शकते. ट्रोपोनिन आयच्या एका प्रचलित चाचणीत ती पुरुषांसाठी 34, तर महिलांसाठी 16 आहे.
- केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. काही चाचण्यांत त्यामुळे आकडा खोटा कमी येतो.

ईसीजीतच मोठा झटका दिसला तर उपचार रिपोर्टसाठी थांबत नाहीत. आपणही घरी गॅसची गोळी देऊन वाट पाहू नये. महाराष्ट्रात 108 ला फोन करावा. आणि डॉक्टरांनी दुसऱ्या रक्तासाठी थांबायला सांगितलं, तर पहिला रिपोर्ट पाहून पेशंटला घरी आणू नये.