येरवड्याची खेप

आमच्या दौंडात ‘येरवड्याला नेलं’ म्हटलं की दोनच अर्थ निघत, तुरुंग नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. म्हणून १९८८ साली धाकट्या भावाला तिथे दाखल केलं तेव्हा दादांनी, म्हणजे वडिलांनी, रेल्वे कॉलनीत सांगून टाकलं, बार्शीला मामाकडे गेलाय.

तो एकोणीस वर्षांचा होता. आमच्या घरात सिगारेट कुणी ओढत नव्हतं, तरी त्याच्या गादीखाली पाकिटातल्या चांदीचे तुकडे सापडत. मधोमध काळपट तपकिरी ओघळ. आई ते मोजून ठेवायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, हा शब्द आम्हाला नंतर कळला.

अनिल अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. जागा मनोरुग्णालयाच्या आवारातलीच, कारण डॉ. अनिता अवचट तिथे मानसोपचारतज्ज्ञ होत्या. हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण मुक्तांगणची गोष्ट सांगताना लोक आतल्या दिवसांचंच सांगतात. आमचे खरे उपचार तो घरी आल्यावर सुरू झाले. त्याला म्हणायचं ‘फॉलोअप’.

सकाळची पॅसेंजर, पाटस, यवत, उरळी करत पुणे स्टेशन, मग पीएमटीने उलटं येरवड्याला. आईच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. शिरूरच्या एक मावशी नवऱ्याला घेऊन यायच्या. त्यांची एसटी नगर रस्त्यानं यायची, त्यामुळे त्या येरवड्यालाच उतरत आणि आमच्याआधी पोचून आईसाठी जागा धरून ठेवत. दोघी एकमेकींना ‘ताई’ म्हणू लागल्या. तिथे समजावून सांगणारे काही जण स्वतः व्यसनातून उठलेले होते. तुम्ही मुळात काय लपवता ते त्यांना पहिल्या वाक्यातच कळायचं. त्यांनी आम्हाला सांगितलं: हातात पैसे देऊ नका, त्याच्या वतीनं कामावर खोटं बोलू नका, लाजेपायी शेजाऱ्यांपासून लपवू नका. उपचार आमच्यावरही चालले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. अनिताबाई १९९७ साली गेल्या. आईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

त्याच्या कितीतरी आधी, मुक्तांगणातून घरी आल्यावर सात महिन्यांनी, तो पुन्हा घसरला होता. टर्की, म्हणजे गर्द न मिळाल्याचा त्रास, लागून रात्रभर पोट धरून बसला, अंगावर तीन चादरी. सकाळी आईनं न बोलता पिशवी भरली.

आज १४४१६ लावला की ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, ऑक्टोबर २०२२पासून ही सोय आहे. तेव्हा फोनसुद्धा पोस्टात जाऊन करावा लागे.

दादा पहिले सहा महिने बाहेरच्या बाकावर बसून राहिले. पुढे एकदा ड्यूटीवरच्या एका सोबत्यानं पोराचं रडगाणं गायलं. दादा त्याला म्हणाले, “बार्शीला नव्हता गेला आमचा. रविवारी सकाळच्या गाडीला ये, मी असतो.”