चौथाईची वांटणी आणि राज्याचें धोरण

मराठ्यांच्या राज्यास दूरवरचें धोरण नव्हतें, जो तो सरदार आपल्या स्वारीपुरतें पाहत असे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. त्याची परीक्षा बखरींवरून न करितां मोकाशाच्या यादींवरून करणें अधिक बरें.

इ. स. १७१९ च्या मार्चांत बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून स्वराज्याच्या आणि दक्षिणच्या सहा सुभ्यांवरील चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळविल्या. हक्क मिळाला, परंतु स्वतःच्या तलवारीवर वाढलेले सरदार छत्रपतींस बांधून कसे ठेवावे, हा प्रश्न उरलाच होता. त्याचें उत्तर आंकड्यांत सांपडतें. एखाद्या गांवाचा वसूल १००० रुपये धरिला तर सरदेशमुखी १०० रुपये राजाचीं. चौथाई २५० रुपये. पैकीं शेंकडा २५ म्हणजे ६२ रुपये ८ आणे राजाची बाबती, शेंकडा ६ म्हणजे १५ रुपये पंतसचिवाचा साहोत्रा, शेंकडा ३ म्हणजे ७ रुपये ८ आणे नाडगौंडा, तो राजानें मर्जीस येईल त्यास द्यावा. बाकी १६५ रुपये ऐन मोकासा सरदारांकडे. म्हणजे एका गांवावर इतक्या धन्यांचे हात! एकट्या सरदारास तो गांव निखालस आपला म्हणतां येऊं नये, अशी ही योजना आम्हांस दिसते.

(आमच्या संग्राहकांस शिक्क्यामोर्तबाचीं पत्रें प्रिय, रकमांच्या यादी मात्र दप्तराच्या तळाशीं कसरीस वाहिलेल्या. हें मन मोडून सांगावें लागतें.)

तथापि दोष लपविण्याचें कारण नाहीं. फौजेचा पगार मोकाशांतून सरदारानेंच द्यावयाचा असल्यामुळें शिपाई धनी ओळखी तो सरदारास. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे या वांटणीच्या तीन-चार वर्षेंच आधीं, वतनदार हे राज्याचे वांटेकरी होतात असा स्पष्ट इशारा आहे. तो ग्रंथ कोल्हापूरच्या गादीचा, सनदा साताऱ्याच्या. एकाच घराण्याच्या दोन गाद्यांनीं एकाच रोगावर दोन निराळीं औषधें योजिलीं. बाळाजीपंतांस पुढें फार अवकाशही मिळाला नाहीं. ते १७२० च्या एप्रिलांत वारले.

पेशवाई गेल्यावरही हा हिशेब मिटला नव्हता. पेशव्यांचे वारस म्हणून इंग्रजांकडे आलेली निजामावरील चौथाईची मागणी १८२२ च्या तहानेंच सुटली.