थैलीकडे लक्ष ठेवणारी सिस्टर

आजची गोष्ट प्रोस्टेटच्या ऑपरेशनची. पण त्यात चाकूपेक्षा नळीच जास्त येणार आहे.

काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या माझ्या मामांचं हे ऑपरेशन अमरावतीत झालं. रात्री सोबतीला मी. स्टँडवर सलाईनच्या मोठ्या बाटल्या, खाटेच्या कडेला लघवीची थैली. रात्री दोनला सिस्टर आल्या अन् थैलीपाशी थांबल्या.

"सलाईन तं जाऊन राह्यलं, मंग थैली काऊन भरून नाही राह्यली?"

मामा कण्हत होते, "पोट फुटते का काय बाप्पा!" सिस्टरनं आधी सलाईन बंद केलं, मग डॉक्टरांना बोलावलं. नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. मोठ्या सिरिंजने धुऊन ती काढली, तेव्हा कुठे मामांचा जीव भांड्यात पडला.

मग मी या नळीचा इतिहास शोधला.

पीटर फ्रेयर हा आयरिश सर्जन. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्याने उत्तर भारतात दोन दशकं काढली. लंडनला गेल्यावर डिसेंबर 1900 मध्ये त्याने ओटीपोटातून मूत्राशय उघडून वाढलेली ग्रंथी बोटाने सोडवून काढली. 1901 मध्ये अशा पहिल्या चार रुग्णांची हकीकत छापून आली. ग्रंथी निघायची, पण मागून येणाऱ्या रक्ताचं काय? त्यासाठी पोटातून जाड नळी ठेवायची, मूत्राशय धुवायचं, भिजलेल्या पट्ट्या बदलायच्या. हे दिवसरात्र चालायचं.

1930च्या दशकात अमेरिकेच्या फ्रेडरिक फोलीने नळीच्या टोकाला फुगा बसवला. हेतू हाच, की ऑपरेशननंतरचं रक्त दाबून धरावं. पुढे तीन तोंडांची नळी आली: एक तोंड फुग्याचं, एकातून सलाईन आत, एकातून बाहेर. आता बहुतेक ऑपरेशनं दुर्बिणीने होतात, पोट उघडावं लागत नाही.

तरी पहारा सुटला नाही. थैलीतला रंग फिकट गुलाबी असेल तर ठीक. गडद लाल झाला, गुठळ्या दिसल्या, की लगेच सांगायचं. बाहेर आलेल्यातून आत गेलेलं सलाईन वजा करायचं, उरते ती लघवी. थैली मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकू द्यायची नाही.

फ्रेयर आणि फोली पुस्तकांत आहेत. मामा मात्र अजून विचारतात, "त्या बाईचं नाव काय व्हतं रे?"

मी तेव्हा विचारलंच नव्हतं. तुमच्या घरी कोणी ॲडमिट असेल तर तुम्ही नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात.