पाळणा आणि पदवी

हैदराबादच्या वैद्यकीय इतिहासाचा विषय निघाला की क्लोरोफॉर्म आयोगांची आठवण हटकून काढली जाते. १८८८ आणि १८८९ साली या नगरीत झालेल्या त्या प्रयोगांनी आणि त्यांमागे उभ्या असलेल्या डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या आग्रही मतांनी इंग्लंडमधील वैद्यकवर्तुळातही वादळ उठवले होते. त्या मानाने लॉरी यांचे दुसरे एक काम फारसे चर्चिले जात नाही. हैदराबाद मेडिकल स्कूलची सूत्रे हाती येताच १८८५ मध्ये त्यांनी तेथे स्त्रियांना प्रवेश दिला. या पहिल्या विद्यार्थिनींपैकी रूपाबाई फर्दुनजी यांचे नाव भूल देण्याच्या शास्त्रातील आद्य स्त्रियांमध्ये आज आदराने घेतले जाते.

शाळेचे दार स्त्रियांसाठी उघडले, ही गोष्ट मोठीच. परंतु दार उघडणे वेगळे आणि कडेवर मूल असलेल्या स्त्रीला त्या दारातून आत जाता येणे वेगळे. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे मुलीचे लग्न विद्याभ्यासाच्या वयाआधीच उरकले जाई आणि मातृत्वही मागोमाग येई. तेव्हा डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीपुढे ‘आधी शिक्षण की आधी संसार’ असा पर्याय बहुधा नसेच. संसार होऊन गेलेला असे. शिक्षणाचा निर्णय पाळण्यानंतरच घ्यावा लागे. आमच्या मते स्त्रीवैद्यकाचा इतिहास या बाजूने पुरेसा वाचला गेलेला नाही.

लॉरी यांच्या निर्णयाच्या दहा वर्षे आधी, १८७५ मध्ये, दक्षिणेतच मद्रास मेडिकल कॉलेजने चार स्त्रियांना प्रवेश दिला होता. त्यांतील मेरी शार्लिब ही एका इंग्रज बॅरिस्टरची पत्नी आणि तीन मुलांची आई. पतीच्या व्यवसायाच्या निमित्ताने घरी येणाऱ्या एतद्देशीय मंडळींकडून पडद्यातील स्त्रियांच्या बाळंतपणातील हालअपेष्टा तिच्या कानी आल्या आणि वयाच्या तिशीत तिने हा मार्ग धरला. मद्रासची पात्रता १८७८ मध्ये मिळवून ती लंडनला गेली, १८८२ मध्ये तेथील विद्यापीठाची पदवी घेऊन परतली आणि १८८५ मध्ये मद्रासला पडदानशीन व सवर्ण स्त्रियांसाठी रुग्णालय उभे करण्यात तिने पुढाकार घेतला. तिच्या जिद्दीला तोड नाही. मात्र त्या जिद्दीच्या पाठीशी पतीची संमती, आर्थिक स्थैर्य आणि राज्यकर्त्या समाजातील स्थान होते, हेही नजरेआड करून चालणार नाही.

आपल्या आनंदीबाई जोशी यांच्या वाट्याला यांतले पहिले आले, बाकीचे नाही. १८६५ मध्ये जन्मलेली ही मुलगी नवव्या वर्षी गोपाळरावांची पत्नी झाली आणि चौदाव्या वर्षी आई झाली. मूल अवघे दहा दिवस जगले. योग्य उपचार मिळाले असते तर ते वाचले असते, ही टोचणी त्यांच्या मनात राहिली आणि वैद्यक शिकण्याच्या निश्चयाचे मूळ त्यात आहे, असे त्यांचे चरित्र सांगते. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ही कथा घरोघरी पोहोचवली. एक प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. ते मूल जगले असते, तर १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या धक्क्यावरून ती अठरा वर्षांची तरुणी एकटीने अमेरिकेला निघू शकली असती काय? प्रश्न कठोर आहे आणि त्याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही. परंतु तो मनात आणला की ध्यानात येते की ज्या मृत्यूने तिला ध्येय दिले, त्याच मृत्यूने तिचे हातही मोकळे केले होते. ही मोकळीक तिने मागितलेली नव्हती.

जिचे मूल जगले होते, अशी स्त्रीही त्याच वर्षी त्याच ध्येयाने समुद्रापार गेली. पंडिता रमाबाईंना १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली आणि पुढल्याच वर्षी त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे हे निक्षून सांगितले होते. नुसती मागणी करून त्या थांबल्या नाहीत. स्वतःच वैद्यक शिकावे म्हणून ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार घेऊन, दोन वर्षांच्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींचा आसरा मिळाला. रमाबाईंच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात पुष्कळ शाई खर्ची पडली. पण पोर पदरी असलेल्या परक्या विधवेला शिकण्यासाठी छप्पर लाभले, या साध्या गोष्टीची नोंद त्या वादात बाजूलाच राहिली. वैद्यकाचा बेत मात्र तडीस गेला नाही. तो मोडला तो मुलीमुळे नव्हे. रमाबाईंना ऐकू कमी येत असे आणि त्या कारणाने तो अभ्यासक्रम त्यांना बंद झाला.

दिनांक ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली, तेव्हा रमाबाई त्या समारंभाला मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. मूल गमावून डॉक्टर झालेली एक आणि मूल सांभाळूनही डॉक्टर होऊ न शकलेली दुसरी, अशा दोन महाराष्ट्रीय माता त्या सभागृहात होत्या. वर्ष पुरे होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पदवी आपल्याला मिळाली नाही, तरी शिकू इच्छिणाऱ्या निराधार स्त्रीला निवारा कसा द्यावा हे त्यांना स्वानुभवाने उमगले होते. आणि जिला घेऊन त्यांनी समुद्र ओलांडला, ती मनोरमा मोठेपणी त्यांचा उजवा हात झाली. निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला, रमाबाईंनी काढलेल्या शाळेची धुरा मनोरमाबाईंनीच वाहिली. आईच्या शिक्षणाने मुलीची आबाळ होते, असे म्हणणाऱ्यांना आपल्या हैदराबाद संस्थानाच्या इतिहासातच हे एक उत्तर सापडते.

या तिन्ही चरित्रांतून आम्हांस एकच सूत्र दिसते. मातृत्वाने ध्येयाला बाधा आणली नाही. उलट प्रसूतीचे, आजारपणाचे आणि बालमृत्यूचे दुःख जवळून पाहिल्यानेच या स्त्रिया वैद्यकाकडे वळल्या किंवा त्यासाठी झटल्या. अडसर होता तो मूल कोणी सांभाळायचे, खर्च कोणी करायचा आणि वयाने वाढलेल्या विद्यार्थिनीला कोण आत घेणार, या तीन प्रश्नांचा. आपण गौरव करतो तो निश्चयाचा. इतिहासाचा निकाल मात्र पुष्कळदा व्यवस्थेने लावलेला असतो.

आज हैदराबाद हे विज्ञानाचे मोठे केंद्र आहे. राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ मध्ये कुन्नूरहून येथे आली आणि १९७७ मध्ये पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राची पायाभरणी झाली. अशा प्रयोगशाळांच्या नगरीत त्या तीन प्रश्नांची उत्तरे आता कायद्याच्या आणि नियमांच्या भाषेत लिहिली जातात. संसारामुळे कामात खंड पडलेल्या स्त्रियांना संशोधनाकडे परत आणण्यासाठी केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये महिला वैज्ञानिक योजना सुरू केली. २०१७ च्या कायदादुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी असलेली २५ वर्षांची कमाल वयोमर्यादा न्यायालयीन वादांनंतर २०२२ मध्ये रद्द झाली. हे नियम वरवर रुक्ष दिसतात. परंतु दोन लेकरांची आई असलेल्या तिशीतील स्त्रीला डॉक्टर व्हावेसे वाटले, तर तिने अर्ज भरावा की नाही, हे त्या रुक्ष ओळींवरच ठरत असते.

स्त्रीवैद्यकाच्या इतिहासातील पहिल्या पदव्या आणि पहिली नावे आपण जपून ठेवली आहेत, ते योग्यच झाले. त्यांच्याबरोबर ज्यांनी पाळणा हलवला, छप्पर दिले आणि नियम शिथिल केले, त्यांचीही नोंद व्हायला हवी. एरवी आनंदीबाईंचा त्याग तेवढा आपल्या स्मरणात राहील आणि पुढच्या प्रत्येक आईकडून आपण तोच मागत राहू.